शपथेने जोडलेले, अभिषेकाने तुटलेले: मट्टांचेरी ते आलंगाड, १६५३

कल्याण, वाशी, चिंचवड अशा गावांत आपल्या सोसायटीत एखाददुसरं तरी केरळी ख्रिस्ती कुटुंब असतं. रविवारी सकाळी ही कुटुंबं एका दिशेला जात नाहीत. कुणी सिरो-मलबार चर्चमध्ये जातं, कुणी मार्थोमा, कुणी ऑर्थोडॉक्स, कुणी जेकोबाइट. कल्याणला तर १९८८ पासून सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा स्वतंत्र धर्मप्रांतच आहे. "तुम्ही सगळे संत थोमाचेच ना, मग चुली वेगळ्या कशा?" असं विचारलं तर बहुतेक जण "ते फार जुनं आहे" म्हणून विषय संपवतात. त्यातला इतिहास वाचलेला कुणी भेटला तर तो तारीख सांगतो: ३ जानेवारी १६५३, कोचीजवळच्या मट्टांचेरीची शपथ.

मला वाटतं, ही तारीख चुकीच्या कारणासाठी लक्षात ठेवली जाते. त्या दिवशी हा समाज फुटला नाही. उलट त्याआधी आणि त्यानंतर कधी नव्हता इतका तो त्या दिवशी एक होता. फूट पडली ती साडेचार महिन्यांनी, २२ मे रोजी, आलंगाड नावाच्या गावात. एका दिवशी लोकांनी एक अधिकार नाकारला आणि दुसऱ्या दिवशी नवा अधिकार उभा करू पाहिला. या दोन कृतींमधलं अंतर समजलं की पुढच्या साडेतीनशे वर्षांचे वाद पुष्कळसे समजतात.

हात एकाचा, कारभार दुसऱ्याचा

प्रेषित थोमा इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला ही या लोकांची परंपरा. ती बाजूला ठेवली तरी हा समाज इथे पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून आहे. कोल्लमच्या तरिसापळ्ळी चर्चला मिळालेले ताम्रपट नवव्या शतकातले आहेत. त्याही आधी, सहाव्या शतकात, कॉस्मास नावाच्या ग्रीक प्रवाशाने मलबारातल्या ख्रिस्ती लोकांची नोंद केली आणि 'कल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं. हे आपलं कल्याण की दुसरं कुठलं बंदर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

बिशप पर्शिया-मेसोपोटेमियातून, म्हणजे पूर्वेकडच्या सिरियन ख्रिस्तसभेतून यायचा. प्रार्थना सिरियाक भाषेत चालायची. बिशपला बहुधा मल्याळम यायची नाही आणि त्यावाचून फारसं अडायचंही नाही. त्याचं मुख्य काम एकच: डोक्यावर हात ठेवून धर्मगुरूंना दीक्षा देणं. बाकी सगळा कारभार स्थानिक आर्चडीकनच्या हाती असायचा. हे पद पकलोमट्टम घराण्यात मामाकडून भाच्याकडे जायचं. मल्याळममध्ये त्याला 'जातिक्कु कर्तव्यन' म्हणत. आपल्याकडे घरातला 'कर्ता' म्हणतात तसा हा साऱ्या समाजाचा कर्ता. त्याच्या मागे गावोगावच्या चर्चची 'योगम', म्हणजे कत्तनार (धर्मगुरू) आणि गावकऱ्यांच्या सभा.

थोडक्यात, हात बाहेरच्याचा आणि कारभार घरचा. शेकडो वर्षं ही वाटणी चालली, कारण दोघांनाही एकमेकांचं काम नको होतं.

उदयंपेरूर, १५९९

इकडे युरोपात ल्यूथरने १५१७ मध्ये सुरू केलेल्या वादाने पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगलं होतं. रोमने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत (१५४५ ते १५६३) स्वतःची घडी बसवली: एक शिकवण, एक शिस्त, एक अधिकार. जर्मनीतल्या त्या आगीची धग मलबारला ऐंशी वर्षांनी लागली. ती गोव्याहून आली.

गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश १५९९ च्या सुरुवातीला कोचीला उतरले. अंगमालीचे सिरियन बिशप मार अब्राहाम १५९७ मध्ये वारले होते आणि त्यांची गादी रिकामी होती. मेनेझिश गावोगाव फिरले, राजांशी बोलले, सुमारे शंभर नव्या धर्मगुरूंना स्वतःच्या हाताने दीक्षा दिली आणि मग २० ते २६ जून या काळात उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. १५३ कत्तनार आणि ६६० लोकप्रतिनिधी हजर होते. ठराव आधीच पोर्तुगीज भाषेत लिहून तयार होते. ते मल्याळममध्ये वाचून दाखवले गेले. बॅबिलोनच्या पॅट्रिआर्कचं, म्हणजे पूर्वेकडच्या सिरियन ख्रिस्तसभेच्या प्रमुखाचं, नाव मिस्सामधून (उपासनेतून) काढायचं. कत्तनारांनी लग्न करायचं नाही. सिरियाक पुस्तकं तपासणीसाठी आणून द्यायची. त्यातली काही 'दुरुस्त' झाली, काही जाळली गेली. आज १५९९ पूर्वीची केरळातली सिरियाक हस्तलिखितं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, त्याचं हे एक मोठं कारण. स्वतःच्या प्रार्थनेची पोथी स्वतःच्या हाताने देऊन यायची, हे कसं वाटलं असेल याचा विचार मनातून जात नाही.

पण मेनेझिश यांना नुसतं जाळपोळ करणारा ठरवणं मला पटत नाही. खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाचा स्पर्श झाला म्हणून विटाळ मानू नका, असंही त्या ठरावांत आहे. थोमा-ख्रिस्ती समाज उच्चवर्णीय म्हणून वावरत होता आणि विटाळ पाळत होता. त्या ठिकाणी सुधारणा खरोखर हवी होती. ती बाहेरच्या हुकमाने आली म्हणून बाहेरचीच राहिली.

मुख्य बदल मात्र पुस्तकांचा नव्हता आणि विटाळाचाही नव्हता. फ्रान्सिस्को रॉस हे जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघातले धर्मगुरू, इथले बिशप झाले आणि ती जुनी वाटणी मोडली. रॉस विद्वान होते, त्यांना सिरियाक आणि मल्याळम दोन्ही येत. पण त्यांना हात ठेवण्यापुरतं राहायचं नव्हतं, कारभारही हवा होता. त्यांच्यानंतर ब्रिट्टो आले, १६४१ मध्ये गार्सिया आले, तेही जेझुइट. आर्चडीकन नावापुरता उरत चालला. १६४० मध्ये जुना आर्चडीकन गीवर्गीस वारला आणि त्याचा भाचा परंबिल थोमा त्या पदावर आला. या तरुण माणसाने पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्तसभांना पत्रं धाडली: आम्हाला बिशप पाठवा.

जहाजातला माणूस

१६५२ मध्ये सुरतेला एक सिरियन बिशप उतरला. नाव अहतल्ला. स्वतःला तो 'इग्नाती, भारत आणि चीनचा पॅट्रिआर्क' म्हणवत होता. त्याला खरोखर कुणी पाठवलं होतं, यावर आजही एकमत नाही. सुरतेहून तो मैलापूरला (आजच्या चेन्नईत) गेला आणि तिथे जेझुइटांनी त्याला अडकवून ठेवलं. पण मैलापूरला थोमाची समाधी आहे आणि तिथे केरळचे यात्रेकरू येतात. त्यांतल्या काहींच्या हाती त्याने आर्चडीकनला पत्र पाठवलं. मी आलो आहे, मला कोंडलं आहे, मला सोडवा.

जे लोक पन्नास वर्षं आपल्या हाताची वाट पाहत होते, त्यांच्या हातात हे पत्र पडलं.

अहतल्लाला गोव्याला नेणारं जहाज कोचीच्या समुद्रात थांबलं. आर्चडीकन थोमा हजारो लोक घेऊन किल्ल्यापाशी आला. मागणी साधी होती: आम्हाला त्याला भेटू द्या, त्याची कागदपत्रं पाहू द्या, खोटा निघाला तर तुम्ही काय ते करा. किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. पोर्तुगिजांनी नकार दिला आणि जहाज पुढे निघून गेलं.

हा नकार हट्टाचा नव्हता, नियमाचा होता, आणि म्हणूनच त्यात तडजोडीला जागा नव्हती. पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला हक्क: पूर्वेकडे कुठलाही बिशप यायचा तर लिस्बनच्या मर्जीने. पुढे रोमलाच हा हक्क जड जाऊ लागला आणि १६२२ मध्ये तिथे प्रोपगंडा नावाचं धर्मप्रसाराचं स्वतंत्र खातं निघालं. त्यातून दोन्ही यंत्रणांत जे भांडण लागलं, त्याची पहिली ठिणगी आपल्याच मुलखात दिसते. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउश द काश्त्रू यांना रोमने १६३७ मध्ये बिशप केलं, विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी नेमलं, आणि गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानायला नकार दिला. ते डिचोलीत, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर राहिले. एका गोमंतकीयाला रोमने बिशप करूनही गोव्यात पाय ठेवणं अवघड, तर कुठून आलेल्या सिरियन माणसाला कोचीत कोण उतरू देणार? एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या कॅथलिक वस्त्याही याच पाद्रोआदो-प्रोपगंडा वादात दुभंगल्या.

जहाज गेलं आणि बातमी पसरली की अहतल्लाला समुद्रात बुडवून मारलं. ती खरी नव्हती. त्याला गोव्याहून युरोपला पाठवलं गेलं आणि १६५४ मध्ये, रोमच्या वाटेवर असताना, पॅरिसमध्ये तो वारला. पण जिवंत माणूस एकदा डोळ्यांनी दाखवला असता तर अफवेला जन्मच मिळाला नसता. केरळात ही कथा पिढ्यान्पिढ्या खरी मानली गेली. जो दाखवला गेला नाही तो मारलाच गेला असणार, असं लोकांनी धरून चालावं इतका अविश्वास तोवर साचला होता.

दोर

३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीच्या मरियामातेच्या चर्चमध्ये लोक जमले. मेणबत्त्या पेटवल्या, शुभवर्तमानाची पोथी पुढे ठेवली आणि क्रूसाला हात लावून शपथ घेतली. आवारातल्या दगडी क्रूसाला सगळ्यांचे हात पोचेनात. परंपरा सांगते की लोकांनी क्रूसाला चारी बाजूंनी दोर बांधले, ते लांबवर नेले, आणि ज्याला जिथे दोर हाती लागला तिथून त्याने शपथ घेतली. दोरांच्या ओढीने क्रूस वाकला, म्हणून 'कूनन कुरिशु', वाकलेला क्रूस.

क्रूस खरंच वाकला की आधीपासूनच कलता होता, याने मला फरक पडत नाही. दोर मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्या आवारात पुढारी क्रूसाजवळ उभे आहेत, आणि खूप मागे उभा असलेला एखादा मिरीचा शेतकरी दोराचं टोक धरून आहे. त्याला आतले शब्द ऐकूही आले नसतील. पण दोराला बसणारा ताण त्याच्या तळहातापर्यंत पोचतो आहे.

ऐकू आलेले शब्द कोणते, यावर मात्र आजवर वाद आहे. कॅथलिक परंपरेत शपथ जेझुइटांविरुद्ध आणि गार्सियांविरुद्ध होती, पोपविरुद्ध नव्हती. ऑर्थोडॉक्स-जेकोबाइट परंपरेत ती रोमशी संबंध तोडण्याची होती. मल्याळममध्ये जेझुइटांना 'सांपाळूर' म्हणत, गोव्याच्या संत पावलच्या कॉलेजवरून. पोर्तुगीजही त्यांना पावलिस्त म्हणायचे. हा शब्द शपथेच्या आठवणीत सतत येतो, आणि मला पहिली बाजू जास्त खरी वाटते. त्या लोकांना पोप दूरचा होता, पावलिस्त समोरचे होते. माणूस शपथ समोरच्याबद्दल घेतो. गार्सियांच्या बाजूला मोजकी माणसं उरली, बाकी सगळा समाज दोराच्या या टोकाला. कारभार त्या दिवशी घरी परत आला.

हात मात्र आला नव्हता.

आलंगाडचे बारा

कारभार लोकांच्या संमतीने चालतो. बिशपपण तसं चालत नाही. प्रेषितांनी पहिल्या बिशपांवर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांवर, अशी साखळी अखंड हवी. बिशपच बिशप करू शकतो, धर्मगुरू कितीही जमले तरी नाही. रोम, अंत्युखिया, बॅबिलोन, या सगळ्या जुन्या ख्रिस्तसभा इतर शंभर बाबींत भांडतात, पण या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे.

आलंगाडला २२ मे रोजी अहतल्लाचं म्हणून एक पत्र पुढे आलं. बिशप मिळत नसेल तर बारा धर्मगुरूंनी आर्चडीकनवर हात ठेवून त्याला बिशप करावं, असा त्याचा मजकूर. पत्र खरं की अंजिलिमूट्टिल इट्टी तोम्मन या वयोवृद्ध कत्तनाराने रचलेलं, हा संशय तेव्हापासून आहे. हे कत्तनार सिरियाकचे चांगले जाणकार होते. बारा जणांनी हात ठेवले आणि परंबिल थोमा 'मार थोमा पहिला' झाला. कारभारासाठी त्याला चार सल्लागार दिले: इट्टी तोम्मन, परंबिल चांडी, कडविल चांडी, वेंगूर गीवर्गीस.

त्या बारांना दोष द्यायला मन धजत नाही. दीक्षा देणारा कुणी नाही, पुढचे कत्तनार येणार कुठून, मुलांना बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याला संस्कार कोण देणार? तहानलेला माणूस पाणी गाळून घेत बसत नाही. पण केलेली गोष्ट त्यांच्याच श्रद्धेच्या मापाने लंगडी होती, आणि हे त्यांच्यातल्या शिकलेल्यांना ठाऊक होतं. शपथेच्या वेळी शंका घ्यायला जागा नव्हती. इथे ती प्रत्येकाच्या पोटात होती.

रोमने नेमकं तिथेच बोट ठेवलं. पाद्रोआदोचे जेझुइट आता चालणार नाहीत हे ओळखून प्रोपगंडाने कार्मेलाइट या दुसऱ्या संघाचे धर्मगुरू पाठवले. त्यांतले ज्युसेप्पे सेबास्तियानी १६५७ मध्ये आले. त्यांनी गार्सियांची बाजू रेटली नाही. ते गावोगाव एकच प्रश्न विचारत गेले: तुमच्या बिशपवर कुठल्या बिशपने हात ठेवला? त्याला उत्तर नव्हतं. चारपैकी तीन सल्लागार एकेक करून निघून गेले, उरले इट्टी तोम्मन. गेलेल्यांत परंबिल चांडी होता, मार थोमाच्याच घराण्यातला, म्हणजे ही सरळ भाऊबंदकी झाली.

सेबास्तियानी रोमला गेले, स्वतः बिशप होऊन १६६१ मध्ये परतले. तेवढ्यात डच आले. जानेवारी १६६३ मध्ये कोची पडलं आणि डचांनी युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना निघून जायला सांगितलं. सेबास्तियानींना आता मागे कुणाला तरी ठेवून जाणं भाग होतं. १ फेब्रुवारी १६६३ रोजी कडुत्तुरुत्ती इथे त्यांनी परंबिल चांडीवर हात ठेवले. याच मातीतला, याच घराण्यातला बिशप, आणि साखळीही अखंड. जी मागणी पन्नास वर्षं विनवून मिळाली नाही ती डचांच्या तोफांमुळे महिन्याभराच्या आत मिळाली. दहा वर्षं आधी मिळाली असती तर मट्टांचेरीत दोर बांधायची वेळ आली नसती, असं मी ठामपणे म्हणेन.

११६ चर्चपैकी ८४ चांडीकडे आणि ३२ मार थोमाकडे, असा हिशेब नेहमी दिला जातो. मार थोमाने हात शोधणं सोडलं नाही. १६६५ मध्ये अंत्युखियाच्या सिरियन ख्रिस्तसभेचे मार ग्रेगोरियोस आले आणि त्यांनी त्याचं बिशपपण रीतसर केलं असं त्या बाजूची परंपरा सांगते. पण अंत्युखिया म्हणजे पश्चिम सिरियन परंपरा. ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दलची तिची मांडणी जुन्या पर्शियन सभेच्या मांडणीच्या उलट टोकाची, उपासनाही वेगळी. १४९८ मध्ये वास्को द गामा उतरला तेव्हाच्या एखाद्या कत्तनाराला ती परकी वाटली असती. लोकांनी ती पुढच्या शंभरएक वर्षांत आपलीशी केली. त्यांनी आधी हात स्वीकारला आणि मागाहून शिकवण. धर्मशास्त्रावरून ही फूट पडली असं लिहिणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

पुढच्या शाखांत मी फार शिरत नाही. १८३६ च्या सुमारास अब्राहाम मल्पान यांनी उपासना मल्याळममध्ये आणली, त्या सुधारणेतून आणि १८८९ च्या त्रावणकोर न्यायालयाच्या निकालातून मार्थोमा ख्रिस्तसभा वेगळी झाली. अंत्युखियाचा पॅट्रिआर्क नुसता हात ठेवणारा की मालमत्तेचाही धनी, या प्रश्नावर १९१२ मध्ये उरलेले दुभंगले. ऑर्थोडॉक्स-जेकोबाइट खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१७ मध्येही तिथे निकाल लागला. हात आणि कारभार, तोच जुना गुंता. १९३० मध्ये मार इवानियोस काही जणांना घेऊन रोमकडे गेले, ती सिरो-मलंकरा.

परतलेल्यांचं काय झालं

ज्यांनी चांडीबरोबर रोमची वाट धरली त्यांना, म्हणजे आजच्या सिरो-मलबारच्या पूर्वजांना, घरचा बिशप मिळाला आणि लगेच गेलाही. चांडी १६८७ मध्ये वारला. त्यानंतर पुन्हा परदेशी बिशप सुरू झाले.

एकदा मात्र दोन्ही बाजू सांधण्याचा खरा प्रयत्न झाला. पुत्तनकूर, म्हणजे मार थोमाच्या बाजूच्या, गटाचे मार थोमा सहावे रोमशी समेट करायला तयार होते. त्यांचा अर्ज घेऊन १७७८ मध्ये जोसेफ करियाट्टिल आणि पारेम्माक्कल थोमा कत्तनार हे दोघे मद्रासहून जहाजाने निघाले. आठ वर्षं ते लिस्बन आणि रोमचे उंबरे झिजवत होते. अखेर लिस्बनमध्ये करियाट्टिल यांना क्रांगनोरचे (कोडुंगल्लूरचे) आर्चबिशप केलं गेलं आणि मार थोमांना सामावून घेण्याचा अधिकारही मिळाला. ते १७८६ च्या मे महिन्यात गोव्यापर्यंत पोचले. तिथून मलबार काही दिवसांच्या अंतरावर होतं. सप्टेंबरात गोव्यातच ते आजारी पडून वारले. केरळात यावर शंका घेणारे तेव्हाही होते. पुढच्या वर्षी अंगमालीत चर्चच्या प्रतिनिधींनी जमून आपला बिशप आपल्यातलाच हवा असा ठराव लिहून काढला. तसा बिशप मिळायला १८९६ उजाडलं.

करियाट्टिल यांना गोव्यात पुरलं होतं. १९६१ मध्ये, १७५ वर्षांनी, त्यांच्या अस्थी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नेण्यात आल्या. ते गाव आलंगाड.